पायरीखालची साक्ष

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक पाटील होते, रायाजी पाटील. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. दुष्ट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते. त्याला दोन शिव्या घातल्या की आपण मोकळे. भल्या माणसाच्या हातून जे घडतं ते सांगताना मात्र जीभ जड होते.

तर त्या गावात न्यायनिवाडा व्हायचा तो डोंगरजाईच्या देवळात. गावाची देवी ती. देवळापुढे दगडी मंडप होता. मंडपात पाच पंच बसायचे आणि मधोमध पाटील. साक्षीदारानं वर यायचं, देवीचा भंडारा कपाळाला लावायचा आणि मग बोलायचं. भंडारा लावून बोललेलं तेवढं खरं. बाकी सगळा वारा.

आता गंमत ऐका. गंमत कसली, संताप म्हणा. त्या मंडपात बाईमाणसाला मज्जाव होता. देवी स्वतः बाई, तिला लुगडं-चोळी, हिरव्या बांगड्या, आणि तिच्याच दारात बायांना बंदी! का, म्हणून विचारलं तर गुरव म्हणायचा, "देवीला खपत नाही." देवीनं हे कोणाच्या कानात सांगितलं होतं, कोण जाणे.

पण कामाला बाया चालायच्या बरं का. भंडाऱ्याची हळद बाया कुटायच्या. नैवेद्य बाया रांधायच्या. देवीची सगळी भांडी देवळामागच्या टाक्यावर बायाच चिंच लावून घासायच्या. घासली की खालच्या पायरीवर ठेवायची आणि मागं सरायचं. मग गुरव खाली उतरायचा आणि भांडी आत न्यायचा. बाईचा हात भांड्याला चालत होता, बाईचा पाय तेवढा मंडपाला चालत नव्हता.

हे असंच चाललं असतं. पण त्या मुलखाच्या राजानं एकदा दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! या राज्यात कोणी बाई आहे म्हणून तिची फिर्याद, तिची साक्ष, तिचा वाटा नाकारायचा नाही. जो नाकारील त्याचं वतन जाईल हो!"

झालं! पंच पेचात पडले. ऐकावं तर देवी कोपेल, न ऐकावं तर वतन जाईल. सगळे पाटलांच्या तोंडाकडे बघू लागले. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला आणि हसले.

"घाबरता कशाला? आपण नाकारायचंच नाही. जो कोणी मंडपात येऊन, भंडारा लावून बोलेल, त्याची साक्ष आपण घेऊ. मग तो बाप्या असो की बाई. हाच आपला नियम. यात भेद आहे का कुठं?"

"पण पाटील, बाया मंडपात येणार कशा?" एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं.

"ते देवीचं आणि त्यांचं. त्यात आपण कोण?"

वाहवा झाली. उपपाटील हैबतराव तर म्हणाले, "पाटील, तुमचं डोकं म्हणजे डोकं!" पुढं राजाचा कारभारी चौकशीला आला. त्यालाही पाटलांनी हेच सांगितलं. कारभाऱ्याला नियम पटला, पुरणपोळीही पटली, आणि तो ढेकर देत निघून गेला. पोळी लाटणाऱ्या बाया चुलीशी होत्या. त्यांना त्यानं काहीच विचारलं नाही.

आणि मग पहिली फिर्याद आली ती मंजुळा कुंभारणीची.

मंजुळाचा नवरा वारला होता. तेराव्याचं जेवण होतं न होतं तोच दिरानं तिच्या शेतात नांगर घातला. ते शेत सासऱ्यानं जिवंतपणी वाटून दिलेलं, आणि ती वाटणी झाली तेव्हा घरात हजर होत्या तिची सासू, नणंद आणि शेजारीण. सासऱ्याखेरीज बाप्या एकही नव्हता, बाकी सगळे भट्टी लावायला गेले होते. मंजुळा त्या तिघींना घेऊन देवळाशी आली आणि खालच्या पायरीपाशी उभी राहिली.

"पाटील, शेत माझं आहे! या तिघी सांगतील!"

"सांगू दे की," पाटील वरून म्हणाले. "मंडपात येऊन सांगू दे."

तिघींनी पायरीकडे पाहिलं. म्हातारी सासू एक पाऊल मागं सरली. देवी कोपली तर घराचा निर्वंश होतो, हे तिला पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं. कोण चढणार?

मग मंजुळा खालूनच ओरडून सांगू लागली. कोणता बांध, कोणतं झाड, सासरे काय काय बोलले, सगळं सांगितलं. सासूनंही स्वतःच्या पोटच्या पोराविरुद्ध रडत रडत सांगितलं. पाटील कितीसे लांब होते? हाक मारायची गरज नाही इतक्या जवळ. शब्दन्‌शब्द त्यांच्या कानावर पडत होता, आणि बाई खरं बोलतेय हे त्यांना कळतही होतं. मनातून त्यांना वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

"मंडपात कोणीही साक्ष दिलेली नाही," पाटलांनी निकाल दिला. "शेत दिराचं."

मंजुळा बराच वेळ तिथंच उभी होती. मग पदरानं तोंड पुसून निघून गेली. त्या रात्री जेवताना पाटलांच्या बायकोनं, सगुणाबाईनं, विषय काढला.

"अहो, त्या मंजुळाचं तुम्ही ऐकलंत ना?"

"कानानं ऐकलं. पंच म्हणून नाही ऐकलं."

"म्हणजे काय?"

"तुला नाही कळायचं. भाजी वाढ."

सगुणाबाईनं भाजी वाढली.

वर्ष गेलं. डोंगरजाईची जत्रा आली. जत्रेला देवीला चांदीचा मुखवटा चढवायचा. एरवी तो जत्रेच्या भांड्यांसोबत मंडपातल्या लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवलेला असे आणि किल्ली एकच, पाटलांच्या कमरेला.

जत्रेच्या सकाळी ढोल वाजत होते, मंडपात बाप्ये आणि पायरीखाली बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या. पाटील नुकतेच तापातून उठलेले, चेहरा उतरलेला, पण उत्साह मोठा. त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं, पेटीचं झाकण वर केलं.

पेटी रिकामी!

ढोल थांबले. पाटलांनी आत हात घातला, पेटी आडवी केली, खालचं फडकं झटकलं. काही नाही. अंगातला उरलासुरला तापही उतरला त्यांचा. मागं वळून पाहतात तो सगळा गाव त्यांच्याकडे बघतोय. चोराकडे बघावं तसा.

"कुलूप तर शाबूत आहे," हैबतराव हळूच म्हणाले. "किल्ली एकच. मग पाटील, मुखवटा काय उडून गेला?"

"अरे, मला काय ठाऊक!"

"तुम्हाला नाही तर कोणाला?"

पंचांनी तिथल्या तिथं सभा बसवली. पाटीलच आरोपी, तेव्हा त्यांच्या जागेवर उपपाटील हैबतराव बसले. बसताना त्यांनी उपरणं नीट केलं, घसा खाकरला. देवीचं काही चोरणाऱ्याला त्या गावात एकच शिक्षा होती. तोंडाला काळं फासायचं, गाढवावर उलटं बसवायचं आणि दिवस मावळायच्या आत शिवेबाहेर हाकलायचं. परत गावात पाय टाकायचा नाही, मेल्यावरसुद्धा नाही. रायाजी पाटलांनी ही शिक्षा आजवर दोघांना सुनावली होती. सुनावताना ती एवढी भयंकर वाटली नव्हती.

"थांबा!" पाटलांना एकदम आठवलं. "परवा मी तापानं फणफणलो होतो. अंथरुणातून उठवत नव्हतं. हैबतराव, तुम्हीच नाही का माझ्या दारात आलात? भांडी काढायची आहेत म्हणून किल्ली मागितलीत. मी आतून म्हणालो, देऊन टाक. संध्याकाळी तुम्हीच परत आणून दिलीत!"

हैबतरावांनी भुवई उंचावली. "मी? मी तर परवा गोठ्यात होतो. गाय व्यायली माझी. किल्ली मला कोणी दिली?"

"सगुणानं! माझ्या बायकोनं, तिच्या हातानं!"

"आणखी कोणी पाहिलं?"

"माझी आई होती तिथं. भावजय होती. दोघी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या."

"म्हणजे बायको, आई आणि भावजय." हैबतराव पंचांकडे वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे कोणीच नाही."

त्या दोन शब्दांनी पाटलांच्या पायाखालची जमीन सरकली. कोणीच नाही! अरे, तीन जितीजागती माणसं! ज्या आईनं जन्म दिला ती कोणीच नाही? त्यांनी पंचांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. कारण शब्द हैबतरावांचे असले तरी नियम कोणाचा होता, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"कोणी साक्ष देत असेल तर देऊ दे की," हैबतराव गोड हसत म्हणाले. "मंडपात येऊन देऊ दे."

खाली बायांमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि त्या कुजबुजीतून पाटलांच्या कानावर पहिल्यांदाच एक गोष्ट आली. परवा टाक्यावर भांडी घासणाऱ्या बायांनी हैबतरावांना देवळाच्या मागच्या दारानं बाहेर पडताना पाहिलं होतं. बगलेत गाठोडं होतं आणि पावलं गोठ्याकडे वळली होती. सगळ्यात जवळून पाहिलं होतं मंजुळानं. गाठोड्यातून चांदी चमकलेली पाहून तिला वाटलं होतं, मुखवटा उजळायला नेत असतील. आज पेटी रिकामी निघाली आणि क्षणात सगळ्याजणींना उलगडा झाला. आता बघा कशी तऱ्हा! खाली उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला चोर ठाऊक होता आणि वर मंडपात बसलेल्या न्यायाला पत्ता नव्हता.

"ऐकलंत का?" पाटील पंचांना म्हणाले. "ऐकलंत ना, त्या काय म्हणतायत?"

म्हातारा पंच खाली मान घालून म्हणाला, "कानानं ऐकलं, पाटील. पंच म्हणून नाही ऐकलं."

तोपर्यंत कोणीतरी काजळी कालवायला घेतलीही होती. गाढव आणायला माणूस धावला. तेव्हा गुरव लगबगीनं पुढं आला. पाटलांच्या घरचं त्यानं पुष्कळ खाल्लं होतं.

"पंच हो, एक तोड आहे. पाटलीणबाई म्हणजे काय कोणी सोम्यागोम्या नव्हे. त्यांच्यापुरता अपवाद करू. गोमूत्र शिंपडू, त्यांनी ओल्या लुगड्यानं यायचं, डोळे मिटून यायचं, चार शब्द बोलायचे आणि मागच्या पावली परत. देवीला कौल लावू. देवी ऐकेल एवढं."

पंचांना हायसं वाटलं. पाटलांच्या जुन्या मिठाला सगळेच जागणारे होते. हैबतरावांचा चेहरा पडला, पण "नाही" म्हणण्याची सोय राहिली नव्हती. पाटील धावत मंडपाच्या कडेला आले. खाली सगुणाबाई उभी होती, रडून डोळे लाल झालेली.

"सगुणा, ये! लवकर ये वर! तुला परवानगी दिलीय!"

सगुणाबाईनं एक पाऊल उचललं. आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मला एकटीला?"

"हो, तुला! चल!"

"आणि मंजुळाला?"

"मंजुळाचं काय इथं?"

"तिनं पाहिलंय त्याला जाताना. आधी ती येईल, मग मी येईन. आणि आमच्यामागून ज्या ज्या बाईला यायचं असेल ती येईल. नाहीतर मी नाही येत."

पाटलांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तापाचा भ्रम अजून उतरला नसेल. ही बोलतेय? जिनं वीस वर्षांत आपला शब्द मोडला नाही ती?

"अगं, वेडी झालीस काय! ते बघ, काजळी कालवतायत! माझी धिंड निघतेय, सगुणा! मला घालवून देतायत!"

"दिसतंय मला," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "तुमच्याबरोबर मीही शिवेबाहेर चालत येईन. अनवाणी येईन. पण तुमच्यासाठी दार उघडायचं आणि तुम्ही सुटलात की ते परत लावून घ्यायचं, हे माझ्यानं व्हायचं नाही. आज मी एकटी आत गेले ना, तर उद्या हेच लोक म्हणतील, पाटलीणबाईंना चाललं, तुम्ही कोण? आहे ती बंदी माझ्या पायानं आणखी पक्की होईल."

पाटलांना राग आला, भयंकर राग आला. मग रडू आलं. मग त्यांच्या डोक्यात एक तोड आली.

"बरं! बरं, असं करू! सभाच खाली घेऊ. पंच हो, चला उतरा खाली. झाडाखाली बसू. तिथं बाया बोलतील, पायरीचा प्रश्नच नको!"

पंचांनी माना डोलावल्या. एकदोघं उठलेही. एवढ्यात गर्दीतून मंजुळा पुढं आली. वर्षभरात ती ओळखू येऊ नये इतकी वाळली होती.

"नका उतरू, पाटील," ती म्हणाली. "आज तुमच्यावर वेळ आलीय म्हणून उतराल. उद्या माझ्यासारखीवर आली की वर जाऊन बसाल. मागच्या वर्षी का नाही सुचलं झाडाखाली बसायचं? झाड तेव्हाही होतंच की."

खरंच का नाही सुचलं? पाटलांनी मंजुळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, काजळीच्या वाटीकडे पाहिलं. मग ते वळले, देवीचा भंडारा उचलला आणि कपाळाला फासला.

"पंच हो, मी मंडपात आहे आणि मी बाप्या आहे. तेव्हा माझी साक्ष तुम्हाला घ्यावीच लागेल. मी साक्ष देतो की राजाचा कायदा आपण मोडला. नाकारत नाही, नाकारत नाही म्हणत आपण प्रत्येक बाईला नाकारलं. नियम मी बांधला. राजाच्या कारभाऱ्याला पुरणपोळी घालून मी फसवलं. वतन जायचं तर माझं जावं. पण आता हे तुम्ही सगळ्यांनी भंडाऱ्याखालचं ऐकलंय. यापुढं जो त्यांना अडवेल, तो जाणूनबुजून अडवेल."

पंचांचे चेहरे पांढरेफटक पडले. देवीचा कोप कोणी पाहिला नव्हता. वतन गेलेली माणसं मात्र सगळ्यांनी पाहिली होती.

"ये बाई," म्हातारा पंच मंजुळाला घाईघाईनं म्हणाला. "ये वर. देवीला मी सांगतो."

"सांगू नका कोणी," मंजुळा म्हणाली. "मीच सांगते तिला."

आणि ती चढली. गुरवानं डोळे गच्च मिटले आणि कानांवर हात ठेवले. कडाडून वीज पडणार, मंडप कोसळणार, म्हणून पोरंटोरं आयांना बिलगली. पाटलांनी स्वतः खांब धरला होता, खोटं कशाला सांगा! मंजुळा पायऱ्या चढून मंडपात आली, मागून सगुणाबाई, मागून पाटलांची म्हातारी आई, मागून साऱ्याजणी.

काही झालं नाही. खाली कोणाचंतरी शेरडू ओरडलं, तेवढंच.

काही झालं नाही म्हणावं, पण बायांना मात्र धक्का बसला. ज्या मंडपाला आपल्या पावलानं विटाळ होईल म्हणून जन्मभर लांब राहिल्या, त्या मंडपाच्या खांबामागं पानाच्या पिचकाऱ्या! कोपऱ्यात सोंगट्यांचा पट पसरलेला, सुपाऱ्यांची साल, तंबाखूची चिमूट. पाटलांची आई गाभाऱ्याच्या दारात गेली. साठ वर्षं तिनं या देवीचा नैवेद्य केला होता आणि देवी आज पाहिली. ती रडली. मग डोळे पुसून नीट पाहिलं आणि कडाडली, "अगं माय, लुगडं किती वाकडं नेसवलंय मेल्यांनी! निऱ्यासुद्धा उलट्या!" गुरव खांबाआड झाला.

मग मंजुळानं भंडारा लावला आणि पाहिलं ते सांगितलं. मागचं दार, गाठोडं, गोठा. सगुणाबाईनं किल्लीचं सांगितलं.

"हिचं काय ऐकता!" हैबतराव ओरडले. "पाटलांनी पढवलं असेल हिला!"

"पाटलांनी?" मंजुळा हसली. ते हसणं पाटलांना काजळीपेक्षा काळं वाटलं. "या माणसानं माझं घर बुडवलंय. याची धिंड निघाली असती तर मी आज पोटभर जेवले असते. पण दिसलं ते दिसलं."

त्यावर कोण काय बोलणार? माणसं गोठ्याकडे धावली. गव्हाणीखाली, कडब्यात मुखवटा सापडला. हैबतरावांना धरून नेलं. काजळी वाया गेली नाही.

पंचांनी पाटलांचे पाय धरायचे बाकी ठेवले. राजाचा हुकूम येईपर्यंत तुम्हीच बसा म्हणाले आणि त्यांना जागेवर नेऊन बसवलं. ढोल पुन्हा वाजायला लागले. पाटलांचा जीव भांड्यात पडला होता. आपण वाचलो, आपल्या हातून चांगलं काम झालं, असं वाटून त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी हात वर करून ढोल थांबवले.

"मंजुळाबाई, तुझी फिर्याद पुन्हा घेतो. सासूला वर आण. नणंदेला आण."

त्या दोघी आल्या, शेजारीण आली. मागच्या वर्षी जे खालून सांगितलं होतं, तेच वरून सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाटलांनी निकाल दिला, "शेत मंजुळाचं. दिरानं आजच्या आज नांगर काढावा." गावानं माना डोलावल्या. मग पाटील आपल्या जागेवरून उठले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. शेत तुला परत दिलं. आता तुझं काही मागणं राहिलं असेल तर सांग. आज मी नाही म्हणणार नाही."

"शेत दिलंत, ठीक केलंत," मंजुळा म्हणाली. "माझी लेक परत देता का?"

"लेक? लेकीला काय झालं?"

"शेत गेलं, खायला नव्हतं. दोन तोंडं भरेनात. म्हणून चैत्रात तिला उजवली. चार गावं पलीकडे, बिजवराला. त्याची पोरं तिच्यापेक्षा मोठी आहेत, पाटील. माझी यमुना जाताना बाहुली मागत होती. त्यांनी नेऊ दिली नाही."

पाटलांनी ती पोर पाहिली होती. कुंभारवाड्यात मातीची भातुकली मांडून बसायची. जोडलेले हात त्यांनी खाली घेतले.

"अगं, पण... हे मला कोणी सांगितलंच नाही!"

मंजुळानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. अगदी साध्या नजरेनं पाहिलं.

"सांगायचं कुठं होतं?" तिनं विचारलं.

रायाजी पाटलांनी जन्मभर निकाल दिले होते. त्या दिवशी ते मंडपातून उतरले आणि मागच्या वर्षी मंजुळा उभी होती त्या खालच्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले.

पोरांनो, आणि पोरांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, यातून घ्यायचं ते एवढं घ्या.

तात्पर्य: कायदा सर्वांना सारखा, पण वाट काहींनाच मोकळी, तर तो कायदा पाळला गेला असं समजू नये. आणि उशिरा दिलेला न्याय शेत परत देतो, गेलेलं बाळपण देत नाही. म्हणून ज्याच्या कानावर खरं पडलं, त्यानं ते त्याच वेळी ऐकावं.